आंबवलेल्या अर्काची क्रीमे : धंद्यात उतरण्यापूर्वी समजून घ्या

सौंदर्यप्रसाधनांच्या घाऊक बाजारात अलीकडे 'फर्मेंट' हा शब्द फार ऐकू येतो. तांदळाचे फर्मेंट, सोयाबीनचे फर्मेंट, जिनसेंगचे फर्मेंट. कच्चा माल विकणारे सांगतात की, हे पाच टक्के घाला आणि डबीवर 'रंग उजळतो' असे छापा. अत्तर, मेंदी, उटणे, साबण, सुरमा यांच्या धंद्यात असलेल्या आमच्या अनेक बांधवांना हा नवा माल खुणावतो आहे. भांडवल थोडे, डबीला भाव चांगला आणि गिऱ्हाईक बारमाही, असे चित्र दिसते. या चित्रात खरे किती आणि भूल किती, हे पैसा गुंतवण्यापूर्वी पाहिले पाहिजे. म्हणून या विषयाची माहिती आम्ही थोडी खोलात जाऊन देत आहोत.

प्रथम कातडीच्या रंगाविषयी. आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या जो रंग बनवतात त्याला मेलॅनिन म्हणतात. हा रंग म्हणजे रोग नव्हे आणि मळही नव्हे. ऊन अंगावर पडले की आतल्या पेशींचे रक्षण करण्यासाठी शरीर तो बनवते. टायरोसिन नावाच्या साध्या पदार्थापासून हा रंग तयार होतो आणि ते काम टायरोसिनेज नावाचे एन्झाइम करते, ज्याला शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. या एन्झाइमच्या पोटात तांब्याचे दोन अणू असतात, त्यांच्याशिवाय ते चालत नाही. रंग 'उजळवणारी' बहुतेक द्रव्ये या एन्झाइमलाच अडवतात. एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे सारे समजते.

आंबवलेल्या पदार्थाचा आणि रंगाचा संबंध प्रथम जपानमध्ये उघड झाला. तेथे तांदूळ वाफवून त्यावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. सोयासॉस, मिसो आणि साके ही दारू या कोजीपासून होते. १९०७ साली साइतो या जपानी शास्त्रज्ञाने या बुरशीतून एक आम्ल वेगळे केले. पुढे त्याचे नाव कोजिक आम्ल पडले. टायरोसिनेजमधल्या तांब्याला हे आम्ल धरून ठेवते, त्यामुळे एन्झाइमचे काम मंदावते. साके गाळणाऱ्या म्हाताऱ्या कामगारांचे हात तरुण दिसतात, ही कथा घेऊन एका मोठ्या कंपनीने १९८० साली यीस्टच्या गाळलेल्या पाण्याचे द्रव बाजारात आणले. कथा विकली गेली, माल तर विकला गेलाच. त्या द्रवात गाळलेले यीस्टचे पाणी नव्वद टक्क्यांहून अधिक आहे असे ती कंपनी सांगते. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे त्याची गरज पडेल.

आंबवल्याने वनस्पतीत नेमके काय होते? हे आपल्या घरात रोज घडते. दुधाला विरजण लावले की दही होते, इडलीचे पीठ रात्रभर फुगते, कोकणातल्या घरी सांदणांचे पीठही असेच फुगवतात. या सर्वांत सूक्ष्म जंतू मोठे कण तोडून लहान करतात. वनस्पतीतील पुष्कळ गुणकारी द्रव्ये साखरेच्या कणाला जखडलेली असतात. जंतू ती साखर सोडवून खातात आणि द्रव्य मोकळे होते. मोकळे द्रव्य लहान असते व त्वचेत शिरायला सोपे जाते. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्ये आहेत. कोजी बुरशी त्यांची साखर तोडते, एवढेच नव्हे तर त्यांतील काहींची रचनाही बदलते. बदललेली अशी काही द्रव्ये प्रयोगशाळेत कोजिक आम्लापेक्षाही अधिक जोराने टायरोसिनेजला अडवताना आढळली आहेत. शिवाय आंबवण्यात लॅक्टिक आम्ल तयार होते. त्याने वरची मेलेली कातडी सुटते व चेहरा तुकतुकीत दिसतो. आपल्या आज्या ताकाने तोंड धूत, त्यामागचे कारण हेच. तेव्हा 'फर्मेंट म्हणजे निव्वळ थाप' असे आम्ही म्हणणार नाही.

पण प्रयोगशाळेतले यश आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे यश यांत मोठे अंतर आहे. माल विकणारा जो कागद दाखवतो त्यावर बहुधा लिहिलेले असते की, या अर्काने टायरोसिनेज सत्तर टक्के किंवा ऐंशी टक्के रोखले. त्याला एकच प्रश्न विचारावा : कोणाचे टायरोसिनेज? बहुतेक वेळा उत्तर येईल, आळंबीचे. खाण्याच्या अळंबीतून काढलेले हे एन्झाइम स्वस्त व सहज मिळते, म्हणून जगभर चाचण्या त्याच्यावरच होतात. माणसाचे टायरोसिनेज त्याहून वेगळे आहे. २०१८ साली जर्मनीतील संशोधकांनी माणसाचे एन्झाइम वापरून पन्नास हजार द्रव्ये तपासल्याचे प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले की, ज्या कोजिक आम्लाचा एवढा बोलबाला आहे ते माणसाच्या एन्झाइमवर फारच दुबळे पडते, आणि आर्ब्युटिनचा तर जवळजवळ परिणामच होत नाही. दुसऱ्या प्रकारची चाचणी उंदराच्या कर्करोगी पेशींवर करतात. तीही उपयोगाची आहे, परंतु उंदराची पेशी म्हणजे भिवंडीच्या यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा नव्हे.

आता हिशेब पाहू. समजा, एका फर्मेंटच्या पाण्यात घन भाग दोन टक्के आहे. तुम्ही ते क्रीममध्ये पाच टक्के घातले. पन्नास ग्रॅमच्या डबीत अडीच ग्रॅम पाणी गेले आणि त्यातला घन भाग झाला पन्नास मिलिग्रॅम. या पन्नास मिलिग्रॅममध्येही साखर, अमिनो आम्ले, क्षार असे सारे आले. रंगावर काम करणारे द्रव्य त्यातला एक अंश. वर सांगितलेल्या जपानी द्रवाशी याची तुलना करा. डबीवर 'तांदूळ फर्मेंटयुक्त' छापणे खोटे ठरत नाही, पण त्या जोरावर चेहरा उजळेल अशी आशा दाखवणे हा निराळा प्रकार आहे. ज्या चांगल्या कंपन्यांच्या फर्मेंट क्रीमांनी डाग खरोखर फिके होतात, त्यांचा घटकांचा रकाना वाचावा. पुष्कळदा तेथे नियासिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, चांगल्या प्रमाणात सापडते. हे द्रव्य रंग बनणे थांबवत नाही, तयार झालेला रंग वरच्या पेशींत पोचण्याचे प्रमाण कमी करते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच टक्के नियासिनामाइडच्या क्रीमने चार आठवड्यांत चेहऱ्यावरचे डाग फिके झालेले दिसले. काम नियासिनामाइड करते आणि नाव फर्मेंटचे होते. लहान उत्पादकाने यातून काय घ्यायचे ते घ्यावे.

झाडपाल्याचे म्हणून निर्धोक?

आमच्या बाजारात एक समजूत पक्की बसली आहे की, जे झाडापासून निघाले ते अपाय करीत नाही. या समजुतीला जपानमध्येच मोठा तडा गेला. कानेबो या नामांकित कंपनीने ऱ्होडोडेनॉल नावाचे द्रव्य आपल्या रंग उजळवणाऱ्या मालात घातले होते. हे द्रव्य निसर्गात भूर्ज जातीच्या झाडाच्या सालीत सापडते आणि जपान सरकारने त्याला मंजुरीही दिलेली होती. जुलै २०१३ मध्ये कंपनीला तो सारा माल परत मागवावा लागला. एकोणीस हजारांहून अधिक लोकांच्या अंगावर कोडासारखे पांढरे चट्टे उठले होते. टायरोसिनेज या द्रव्याचे रूपांतर विषारी पदार्थात करते आणि त्याने रंगपेशीच मरते, असे नंतर कळले. एवढी मोठी कंपनी, एवढ्या चाचण्या, तरीही हे घडले.

कोजिक आम्लाचेही तसेच. उंदरांच्या यकृतात गाठी दिसल्यामुळे जपानने २००३ साली त्याचा वापर थांबवायला सांगितले आणि अधिक तपासणीनंतर २००५ मध्ये ही बंदी उठवली. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमाने चेहरा व हातांच्या मालात त्याची कमाल मर्यादा एक टक्का ठरवली आहे. ज्यांना युरोपात माल पाठवायचा आहे त्यांनी हे लिहून ठेवावे.

आता आंबवण्याचाच एक धोका. काही वनस्पतींत आर्ब्युटिन असते. हे हायड्रोक्विनोन नावाच्या जोरदार द्रव्याला साखर चिकटून बनलेले असते. जंतू साखर तोडतात हे आपण वर पाहिलेच. येथे साखर तुटली की हायड्रोक्विनोन मोकळे होते. युरोपात हे द्रव्य त्वचेच्या क्रीमांत चालत नाही आणि आपल्याकडेही डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायच्या औषधांत ते येते. म्हणजे ज्या क्रियेने सोयाबीन गुणकारी होते, त्याच क्रियेने दुसरी वनस्पती धोक्याची होऊ शकते. कोणती वनस्पती, कोणता जंतू, किती दिवस, हे तिन्ही माहीत असल्याशिवाय 'फर्मेंट' या शब्दाला अर्थ नाही.

काही बांधव विचारतात की, तांदूळ घरीच का आंबवू नये? भात शिळा ठेवला की बुरशी आपोआप येते. अशा बांधवांना आमचे स्पष्ट सांगणे आहे की, असे मुळीच करू नका. कोजीची बुरशी, अ‍ॅस्परजिलस ओरायझी, ही शेकडो वर्षे माणसाने पाळलेली जात आहे. तिची रानटी बहीण अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस दिसायला जवळजवळ तशीच. हीच बुरशी शेंगदाण्यात व मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. साध्या डोळ्यांनी या दोघींतला फरक अनुभवी माणसालाही कळत नाही. खाण्यासाठी रात्रभर आंबवलेले पीठ आपण सकाळी वाफवून संपवतो. क्रीमची डबी मात्र दोन वर्षे फळीवर राहते आणि तिच्यात रोज ओले बोट जाते. दोन्हींची तुलना होत नाही.

म्हणून लहान उत्पादकाने फर्मेंट स्वतः न करता ते तयार विकत घ्यावे. घेताना त्या लॉटचा तपासणी दाखला मागावा. त्यात घन भाग किती टक्के, आम्लता किती, जंतूंची संख्या किती आणि टिकाऊपणासाठी कोणते द्रव्य घातले हे असते. जो दाखला देत नाही त्याच्याकडून, कितीही स्वस्त असो, घेऊ नये. फर्मेंटमधल्या साखरेवर व अमिनो आम्लांवर जंतू पोसतात, त्यामुळे साध्या क्रीमपेक्षा हे क्रीम लवकर बिघडते. पावसाळ्यात मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तर विचारूच नका. माल ओतण्यापूर्वी काही डब्या ४५ अंश उष्णतेत व काही साध्या हवेत तीन महिने ठेवून रंग, वास व घट्टपणा तपासावा. कोजिक आम्ल असलेला माल हवेने व उजेडाने तपकिरी पडतो आणि लोखंडाचा स्पर्श झाला तर तांबूस होतो. लोखंडी कढई किंवा गंजका चमचा वापरू नये, भांडी चांगल्या स्टेनलेस स्टीलची असावीत. तपकिरी पडलेला माल नवीन वास घालून खपवण्याची युक्ती बाजारात चालते, तिच्या वाटेला जाऊ नये.

खरा धोका कोठे आहे

हे सर्व नीट केले तरी परिणाम सौम्यच राहणार आणि तो दिसायला दोन-तीन महिने लागणार. त्यातही उन्हापासून बचाव केला नाही तर रात्री जे कमावले ते दुपारी जाते. गिऱ्हाईक मात्र आठ दिवसांत फरक मागते. मुलीचे लग्न ठरायचे आहे, पाहुणे येणार आहेत, एवढी घाई. (या घाईचा व्यापार करावा की नाही, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरातल्या सावळ्या मुलीकडे पाहून सोडवावा.) मग कोणी तरी जाणकार भेटतो आणि सांगतो, "भाई, फर्मेंट राहू द्या, त्यात जरा 'पावडर' मिसळा, चौथ्या दिवशी रंग येतो." ती पावडर म्हणजे पाऱ्याचा क्षार असतो, नाही तर ट्यूबमधून काढलेले स्टिरॉइड.

पारा टायरोसिनेजला फर्मेंटपेक्षा कितीतरी जोराने बंद पाडतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत हा विकार एका दुर्मिळ प्रकारचा निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे लावीत होते. आपल्या अकोल्यातील एका कुटुंबात मायलेकींना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडल्याचे २०२३ साली वृत्तपत्रांत आले. पाकिस्तानच्या पर्यावरण खात्याने २०१९ साली ५९ क्रीमे तपासली होती, त्यांतली ५६ मर्यादेबाहेरची निघाली. अशी क्रीमे आडवाटेने आपल्या बाजारातही येतात, हे दुकानदारांना सांगायला नको. स्टिरॉइडने चेहरा सुरुवातीला खुलतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, केस उगवतात, आणि क्रीम सोडले की आग होते. २०१८ साली सरकारने १४ प्रकारची स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले ते याच कारणाने.

कायदा काय म्हणतो? २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांसाठीचा माल सोडून इतर प्रसाधनांत पारा घालता येत नाही. नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. आरोग्यास घातक द्रव्य असलेले प्रसाधन भेसळयुक्त ठरते. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांतील जे अधिक असेल तितका तरी दंड होतो. हा नियम बनवणाऱ्याला आहे तसाच साठवणाऱ्याला व विकणाऱ्यालाही आहे. प्रसाधने विकायला वेगळा परवाना लागत नाही म्हणून काही दुकानदार निर्धास्त असतात. माल परवानाधारक उत्पादकाचाच असला पाहिजे, ही जबाबदारी त्यांच्यावर आहेच. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत यांतले काही नसेल तर ती डबी फळीवर ठेवू नये. खरेदीचे पक्के बिल मागावे, बिल न देणारा माणूस संकटाच्या दिवशी फोनही उचलत नाही.

उत्पादन करायचे तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे सीओएस-५ या नमुन्यात अर्ज करावा लागतो व सीओएस-८ हा परवाना मिळतो. जागा, यंत्रे, शिकलेला देखरेख करणारा माणूस, हे सर्व लागते. ज्यांच्याकडे एवढे भांडवल नाही त्यांच्यासाठी 'लोन लायसन्स'ची सोय आहे. म्हणजे दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपल्या नावाचा माल बनवून घेणे. त्याचा अर्ज सीओएस-६ व परवाना सीओएस-९. नव्याने उतरणाऱ्या बांधवांना आम्ही हाच मार्ग सुचवतो. यंत्रांत पैसा अडकण्यापूर्वी माल खपतो की नाही, हे कळते.

डबीवरचा शब्दही तोलून छापावा. 'गोरेपणा' हा शब्द आता मोठ्यांनीही टाकला आहे. फेअर अँड लव्हली हे नाव जुलै २०२० मध्ये बदलून ग्लो अँड लव्हली झाले. जाहिरात मानक परिषदेने २०१४ सालीच सांगितले आहे की, सावळा माणूस दुःखी किंवा अपयशी दाखवू नये. 'कोड बरे होते', 'वांग कायमचे जाते' असे छापले की प्रसाधन औषधाच्या कायद्यात जाते आणि परवाना तर औषधाचा नसतो. 'त्वचा मऊ व तजेलदार ठेवते, उन्हाने आलेला काळपटपणा कमी दिसण्यास मदत करते' एवढे छापावे आणि दिवसा उन्हापासून बचाव करण्याची सूचना खाली घालावी.

परदेशाचा बाजार ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे त्यांच्यासाठी एक शेवटचा मुद्दा. इंडोनेशियाने २०१४ च्या कायद्याखाली प्रसाधनांना हलाल दाखला सक्तीचा केला असून त्यासाठी १७ ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठरवली. मलेशियात हलाल प्रसाधनांसाठी एमएस २६३४ हे वेगळे मानक आहे. आंबवलेल्या मालाबाबत दाखला देणारे पहिला प्रश्न अल्कोहोलचा विचारतात. यीस्टने आंबवले तर अल्कोहोल बनते, दह्याच्या जातीच्या जंतूंनी आंबवले तर मुख्यतः आम्ल बनते. साकेच्या चोथ्यापासून काढलेला अर्क उघडच दारूच्या भट्टीतला असतो. काही पुरवठादार अर्क ओढण्यासाठीही इथेनॉल वापरतात. कोणते चालते, कोणते नाही, हे उलेमांना व दाखला देणाऱ्या संस्थेला विचारावे, आम्ही त्यात पडत नाही. परंतु अनेकांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगून ठेवतो. प्रयोगशाळेत जंतू ज्या खाद्यावर वाढवतात त्यात पुष्कळदा गोमांसाचा अर्क किंवा जनावरापासून काढलेले पेप्टोन असते. डबीवर नाव तांदळाचे असते आणि जंतू मात्र मांसाच्या रसावर वाढलेला असतो. जनावर कोणते, कसे कापलेले, याचा पत्ता पुरवठादारालाही नसतो. सोयाबीनच्या पेप्टोनवर वाढवलेले जंतूही मिळतात. पहिली ऑर्डर देतानाच खाद्य कोणते होते हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे आणि तो कागद परवान्याच्या फाइलमध्येच लावून ठेवावा.